इच्छामरण: इच्छा कोणाची?

या कार्यक्रमात आम्ही एरवी गटाचे हिशेब, कर्जाचे हप्ते, सातबाऱ्यावरचं नाव असं बोलत असतो. आजचा विषय जरा जड आहे, पण तो तुमच्यातूनच आला. प्रभाग संघाच्या बैठकीत एका आजींनी विचारलं, "टीव्हीवर म्हणत होते, इच्छामरणाचा कायदा झाला. म्हणजे म्हातारं माणूस नकोसं झालं की डॉक्टरला सांगून त्याला मारायची मोकळीक झाली का?" बाकीच्या हसल्या. आजी काही हसल्या नाहीत.

आधी उत्तर देऊन टाकू. नाही, तशी मोकळीक झालेली नाही. सुई टोचून किंवा औषध पाजून माणसाला मारणं आपल्या देशात आजही गुन्हाच आहे, मग ते दयेने का केलेलं असेना. परवानगी मिळाली आहे ती वेगळ्या गोष्टीला. जो आजार बरा होणारच नाही आणि मशीनवर माणूस फक्त ताणून धरला आहे, तिथे ते मशीन काढायला किंवा लावूच नये म्हणायला. पण हे एवढंसं ठरायला बरीच वर्षं लागली, आणि त्या वर्षांचा इतिहास बघितला तर आजींचा प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाही, असं आम्हाला वाटतं.

इच्छामरण हा शब्द आपण कीर्तनात ऐकलेला असतो. भीष्मांना इच्छामरणाचा वर होता, ते बाणांच्या शय्येवर पडून उत्तरायणाची वाट बघत राहिले. ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. आपल्या आजी-पणजीच्या आठवणीतलं म्हणाल, तर १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारच्या आश्रमात विनोबा भाव्यांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. त्यांनी उपचार घ्यावेत म्हणून खूप जणांनी विनवलं होतं, पण त्यांना कोणी गुन्हेगार म्हटलं नाही. जैन समाजात संथारा आहे, म्हणजे आयुष्याच्या शेवटी अन्नपाणी सोडण्याचं व्रत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असं ठरवलं. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा समाधानाने, ठरवून जाणं आपल्याकडे नवीन नाही. मात्र या गोष्टींतली माणसं बहुतेक पुरुष, मोठ्या मानाची, आणि त्यांना आपली इच्छा बोलून दाखवता येत होती.

बायकांच्या 'इच्छेने मरण्या'चा इतिहास निराळा आहे. तो आपण जरा थांबून बघू.

१७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे क्षयाने थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेल्या मैत्रिणींनी तिथलं वृंदावन बघितलं असेल. लोक तिथे हात जोडतात. रमाबाई स्वतःच्या इच्छेने गेल्या, असंच आपण ऐकत आलो. असेलही. पण त्या आधीची, १७५४ ची गोष्ट बघा. कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाईही सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव आडवे आले. तू गेलीस तर माझं कोण, असं म्हणून त्यांनी सुनेला थांबवलं. खंडेरावांच्या दुसऱ्या बायका मात्र सती गेल्या. एकच घर आणि एकच दिवस. जिला कोणीतरी 'तू हवी आहेस' असं म्हणालं ती राहिली, आणि पुढे तिने माळव्याचं राज्य केलं. बाकीच्यांना कोणी तसं म्हणालं होतं का, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढे १७९१ मध्ये अहिल्याबाईंचे जावई वारले, आणि त्यांची लेक मुक्ताबाई सती गेली. आईने विनवलं, लेक ऐकली नाही. एवढी कर्तबगार राणी, पण पोटच्या मुलीला थांबवू शकली नाही. त्या काळात विधवेला काय जिणं वाट्याला येत होतं हे मुक्ताबाईला ठाऊक नव्हतं थोडंच! जगण्याची वाट बंद असेल तेव्हा मरायची इच्छा होणं याला इच्छा म्हणायचं का, असा प्रश्न आम्हाला पडतो.

इंग्रजांनी तर याचा नियमच केला होता. १८१३ च्या सुमाराला बंगालमध्ये कंपनी सरकारने सांगितलं की बाई स्वखुशीने जात असेल, फार लहान नसेल, गरोदर नसेल, तिला नशापाणी दिलेलं नसेल, तर सती चालेल. पोलिसाने हजर राहून खात्री करायची. म्हणजे संमती तपासायची. चितेपाशी उभं राहून सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला पोलिसाने विचारायचं, बाई, तुझी मर्जी आहे ना? भोवती सगळं सासर उभं. ती काय सांगणार? नियम आला म्हणून सती कमी झाल्या नाहीत. राजा राममोहन रॉय आणि इतरांनी रान उठवलं तेव्हा कुठे १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा आला. त्यात 'मर्जीने' आणि 'बळजबरीने' असा भेद ठेवलाच नाही. सगळंच बंद.

आता कायद्याच्या वाटेने पुढे येऊ. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दोन कलमं होती. ३०९ कलमात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. ३०६ कलमात दुसऱ्याला आत्महत्येला लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पहिलं कलम दुःखाने पिचलेल्या माणसाला धरायचं, दुसरं त्याला पिचवणाऱ्याला.

३०९ वर पहिला मोठा घाव आपल्या मुंबईत बसला. मारुती श्रीपती दुबल नावाचे एक पोलीस शिपाई होते. अपघातात डोक्याला मार लागला आणि पुढे मनाचा आजार जडला. घर चालावं म्हणून दुकानाच्या परवान्यासाठी महापालिकेत खेटे चालू होते. १९८५ मध्ये तिथेच, साहेबांच्या दाराशी, त्यांनी अंगावर रॉकेल ओतून घेतलं. लोकांनी त्यांना वाचवलं आणि पोलिसांनी त्यांच्यावरच ३०९ खाली गुन्हा घातला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलमच रद्द केलं. जो माणूस जगण्याला इतका कंटाळला त्याला उपचार पाहिजेत, तुरुंगात टाकून काय होणार, असा त्याचा आशय. आपल्यातली कुठलीही बाई हेच म्हणाली असती. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. घटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, त्यातच न जगण्याचाही हक्क येतो, असं ते म्हणाले.

ऐकायला किती छान वाटतं. पण त्यानंतर कोर्टात कोण उभं राहिलं ते ऐका.

पंजाबातले एक सासू-सासरे. सासूचं नाव ग्यान कौर. त्यांची सून, कुलवंत कौर, हिने जीव दिला होता आणि तिला आत्महत्येला लावलं म्हणून या दोघांना ३०६ खाली शिक्षा झाली होती. त्यांचा वकील म्हणाला: मरणं हा जर हक्क आहे, तर सुनेने आपला हक्क बजावला. हक्क बजावायला मदत करणारा गुन्हेगार कसा? सबब ३०६ कलमही रद्द करा आणि यांना सोडा.

मैत्रिणींनो, आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. हुंड्यापायी सुना जळत होत्या तो हा काळ. स्टोव्हचा भडका उडाला, असं पंचनाम्यात लिहिलं जायचं. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ मध्ये ४९८ अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब ही कलमं आली. आणि इकडे मरणाचा हक्क म्हणत सासरची माणसं दार उघडून बाहेर पडायला बघत होती. दुबलांसाठी जो विचार दयेचा होता, तोच सुनेच्या घरात गेल्यावर सासूच्या कामाला आला.

१९९६ च्या मार्चमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा युक्तिवाद फेटाळला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं सांगितलं. ३०६ राहिलं. ३०९ सुद्धा राहिलं, हे मात्र आम्हाला पटत नाही. ते सुटायला पुढे बराच काळ गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ उरलंच नाही. तेव्हा कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर पोलिसाच्या भीतीने गप्प बसायचं कारण नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीसुद्धा चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्याच १९९६ च्या निकालात एक छोटं दार उघडं राहिलं होतं. ज्याचं मरण ठरलेलंच आहे, जवळ आलेलं आहे, त्याला सन्मानाने जाऊ देणं हे जगण्याच्या हक्कात बसू शकतं, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्या दारातून आलं. आणि आलं ते एका बाईच्या पलंगामुळे.

अरुणा शानबाग. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. शिकून मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयात नर्स झाली. पंचवीस वर्षांची होती, लग्न ठरलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेली, तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याला आवळून तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. तोवर मेंदूला रक्त न पोचल्याने मेंदू निकामी झाला होता. दिसेना, बोलता येईना, कोणाला ओळखेना. जीव मात्र राहिला.

त्या माणसाला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी, सात वर्षं. बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. तिची आणि लग्नाची बदनामी होईल म्हणून ती बाब तक्रारीत आली नाही, आणि झालेला अत्याचार त्या काळच्या बलात्काराच्या व्याख्येत बसतही नव्हता. व्याख्या बदलली ती २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर. म्हणजे चाळीस वर्षांनी.

आणि ती वॉर्ड नंबर ४ च्या बाजूच्या खोलीत पडून राहिली. साडेएकेचाळीस वर्षं. आई-वडील गेले, नातेवाईक येईनासे झाले. पण नर्स होत्या. एक पिढी निवृत्त झाली, तिने पुढच्या पिढीला सांगितलं, हिला असं भरवायचं, हिला मासे आवडतात, हिच्याजवळ पुरुष गेला की ही ओरडते. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचं ठरवलं, तर नर्स आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. तुमच्यापैकी ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलं आहे त्यांना एक गोष्ट सांगितली की पुरे: इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखमा पडू दिल्या नाहीत. कुशीवर वळवणं, पुसणं, कोरडं करणं, पावडर, चादर. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एका सासऱ्याचं सहा महिने करताना कंबर मोडते, हे आपल्याला माहीत आहे.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं आणि २००९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की हे जगणं नाही, तिला जबरदस्तीने भरवणं थांबवा, तिला जाऊ द्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. वर्षानुवर्षं त्यांनी अरुणाचा विचार केला होता, आणि तिच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण लोकांना राहिली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. कोर्टाने तीन डॉक्टर पाठवले. त्यांनी अरुणाला तपासलं. ती पूर्ण बेशुद्ध नाही, मेंदू मेलेला नाही, आवडीचं तोंडाशी नेलं तर चेहऱ्यावर दिसतं, पण सुधारणा होणार नाही, असं सांगितलं. केईएमच्या नर्सनी आणि डॉक्टरांनी लेखी कळवलं की ती आमची आहे, आम्ही तिचं करतो आहोत, आम्हाला ती जगायला हवी आहे.

७ मार्च २०११ ला निकाल आला. महिला दिनाच्या आदल्या दिवशी, हा योगायोगच. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की उपचार काढून घेऊन माणसाला नैसर्गिक मरण येऊ देणं काही अटींवर कायद्यात बसेल, मात्र उच्च न्यायालयाची परवानगी पाहिजे. दुसरी, की अरुणाच्या बाबतीत मात्र ती परवानगी नाही. कारण तिच्या वतीने बोलायचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या लोकांचा आहे. ज्यांनी तिचं हगणं-मुतणं काढलं, त्यांचा शब्द कोर्टाने मोठा धरला. पुढे कधी केईएमच्या लोकांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात यावं, असंही लिहून ठेवलं. त्या दिवशी केईएममध्ये मिठाई वाटली गेली. मत बदललं नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणा गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला नर्सची गर्दी होती.

याच्यावर आमच्या आम्हांतच दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, कोर्टाने बरोबर केलं. रोज सकाळी तोंड धुवून देणारी व्यक्ती खरी नातेवाईक. लांबून येऊन 'सुटका करा' म्हणणाऱ्याला काय कळतं? दुसरी म्हणाली, पण अरुणाला काय हवं होतं हे कोणीच विचारू शकलं नाही ना? नर्सनी तिच्यावर माया केली म्हणून तिला जगायचंच होतं हे कसं ठरलं? दोघींचंही खरं आहे. आम्हाला शेवटी असं वाटतं की तिच्या तोंडचा शब्द नसताना, जगवणाऱ्यांच्या बाजूने चूक झाली तर ती मारणाऱ्यांच्या बाजूने झालेल्या चुकीपेक्षा बरी. पण केईएम म्हणजे आपलं घर नव्हे, हेही विसरून चालत नाही. तिथे पगारी नर्स होत्या, तीन पाळ्यांत. गावातल्या घरात एकच बाई असते, तिला दुसरी पाळी नसते आणि तिचा शब्दही कोणी मोठा धरत नाही. निर्णय घ्यायला पुण्या-मुंबईहून मुलगा येतो.

अरुणाचा शब्द हाती नव्हता, म्हणून पुढचा प्रश्न उभा राहिला तो शब्द आधीच लिहून ठेवण्याचा. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीत असताना माणसाला आपलं वैद्यकीय इच्छापत्र करता येईल. इंग्रजीत त्याला लिव्हिंग विल म्हणतात. मृत्युपत्र आपण गेल्यावर लागू होतं, हे जिवंतपणी लागू होतं. पहिली पद्धत फार अवघड होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. म्हणून २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती सोपी केली.

आता असं आहे. वय १८ पूर्ण पाहिजे, शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय. आपल्या भाषेत लिहायचं की बरं न होणाऱ्या आजारात माझं बोलणं बंद झालं तर मला कोणते उपचार नकोत. माझ्या वतीने कोणी बोलायचं त्या माणसाचं नाव घालायचं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. दोन साक्षीदार. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. एक प्रत नाव घातलेल्यांकडे, एक घरच्या डॉक्टरकडे असेल तर, आणि एक आपल्या महापालिकेने, नगरपालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. पंचायत म्हटलं आहे, हे लक्षात घ्या. कधीही मन बदललं तर लिहून रद्द करता येतं. आणि नुसत्या कागदावर काही होत नाही. रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं एक मंडळ बसतं, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ बसतं. दोघांचं एकमत झालं, नाव घातलेल्यांची संमती मिळाली, तरच उपचार काढतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. अशा प्रती ठेवायला अधिकारीच नेमलेले नाहीत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे आपल्या राज्यात नेमणुका व्हायला लागल्या.

अटी भरपूर आहेत, आणि त्या असाव्यात. तरी १८१३ चा तो पोलीस आठवतो. कागदावर 'स्वखुशीने' लिहिलेलं असतं. अंगठा घेताना बाईला काय वाचून दाखवलं हे कोण बघतं? वाटणीपत्रावर, हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या कशा घेतात हे आपण बघतोच. म्हणून आमचं सांगणं असं की ज्याला तुमची जमीन मिळणार आहे, तो या कागदावर साक्षीदार नको. नाव घालायचं ते जी खरोखर तुमचं करते तिचं, मग ती लेक असो, सून असो नाहीतर शेजारीण.

आता राहिलं पैशाचं. कायद्याच्या पुस्तकात इच्छामरण म्हणजे भारीतलं मशीन काढणं. आपल्याकडे मशीनपर्यंत पोचतंच कोण? आपल्याकडे डॉक्टर म्हणतो, रोजचा खर्च इतका येईल. घरचे गटाकडे कर्ज मागतात, मग सोनाराकडे जातात, मग आपल्या जबाबदारीवर डिस्चार्जच्या कागदावर सही करून माणसाला जीपमध्ये घालून घरी आणतात. पुरुषासाठी एखादी म्हैस जास्त विकली जाते. बाईच्या वेळी "तिलाच घरी यायचं होतं" असं सांगतात. कधी ते खरंही असतं. आमच्या गटांतल्या कर्जाच्या अर्जांत दवाखान्यासाठी नवऱ्याचं, मुलाचं नाव पुष्कळदा येतं. स्वतःच्या उपचारासाठी कर्ज मागणारी बाई शोधावी लागते. उपचार परवडत नाहीत म्हणून थांबवणं आणि उपचाराचा उपयोग नाही म्हणून थांबवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला सन्मानाने मरण म्हणू नका, कोणी कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी.

आणि घरी आणल्यावर? कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यात माणूस रात्रभर कण्हतो, "देवा, सोडव" म्हणतो. ते दुखणं कमी करायला मॉर्फीन नावाचं स्वस्त औषध आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं, २०१४ मध्ये कायदा बदलून वाट थोडी मोकळी केली. बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं, दम, जखमा, मनाची भीती सांभाळायची याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी हे सुरू केलं. हळूहळू गावोगावचे लोक शिकून तयार झाले, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन जखम धुवायला, पाठ वळवायला, नुसतं बसून बोलायला लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरी जायला लागली. दुखणं आटोक्यात आलं की "सोडव" म्हणणारी पुष्कळ माणसं नातवाचं तोंड बघायचंय म्हणतात, असं हे काम करणारे सांगतात. मरायचं की जगायचं हे विचारायच्या आधी दुखतंय का हे विचारायला हवं, नाही का?

आपल्याकडेही काही जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे. आपल्या तालुक्यात काय आहे हे आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी द्या. वैद्यकीय इच्छापत्र ठेवून घ्यायला आपल्या पंचायतीसाठी कोणता अधिकारी नेमला आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या किती माणसांच्या घरी महिन्यातून एकदा तरी नर्स जाते. उत्तर काय मिळालं ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात इच्छापत्राचा मराठी नमुना सावकाश, ओळ-ओळ वाचून दाखवू. वही-पेन घेऊन बसा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही जवळ बसवा.